मोटारीतील आग व आपले कर्तव्य
(मंडळाच्या डोंबिवली येथील वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आग म्हणजे काय, हे डोंबिवलीकरांस निराळे सांगावयास नको. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजी औद्योगिक वसाहतीत झालेले स्फोट आपण विसरलेलो नाही. परंतु कारखान्यातील आगीची धास्ती बाळगणारे आपण, मुलाबाळांसह ज्या मोटारीतून गावी जातो तिच्याविषयी मात्र निर्धास्त असतो.

१ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर, नागपूरहून पुण्यास निघालेली बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ उलटून पेटली व २५ प्रवासी प्राणास मुकले. बस दरवाजाच्या अंगावर पडल्याने दार अडले; वाचलेल्यांपैकी काहीजण काच फोडून बाहेर पडले. म्हणून गाडीत अग्निशामक असावे, तशीच काच फोडण्याची लहान हातोडीही असावी. आणि दोन्ही वस्तू सामानाखाली डिकीत नव्हे, तर चालकाच्या हाताशी असाव्यात.

जळका वास आला किंवा धूर दिसला, की गाडी कडेला घ्यावी, इंजिन बंद करावे आणि प्रथम माणसे उतरवून दूर न्यावीत. ताबडतोब १०१ किंवा ११२ या क्रमांकावर कळवावे. आग लहान असेल तरच अग्निशामक उचलावे. खीळ उपसून, नळीचे तोंड ज्वाळेच्या शेंड्याकडे नव्हे तर बुडाकडे धरून भुकटी डावीउजवीकडे फिरवावी. बॉनेट सताड उघडू नये. वारा मिळताच आग भडकते. फटीतूनच भुकटी मारावी. पेटलेल्या पेट्रोलवर पाणी टाकू नये, ते आग पसरविते. एक किलोचे अग्निशामक काही सेकंदांतच रिकामे होते. तेवढ्यात आग विझली नाही, आगीने गॅसच्या टाकीकडे मोर्चा वळविला, अथवा विजेच्या गाडीची बॅटरी पेटली, तर गाडीचा मोह सोडून दूर व्हावे. गाडी पुन्हा घेता येते, माणूस येत नाही.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीतील स्फोटांत अग्निशमन दलाच्या जवानांनी प्राण वेचले. त्यांच्या स्मरणार्थ तो दिवस देशभर पाळला जातो. त्या दिवशी प्रत्येक कुटुंबाने आपल्या अग्निशामकाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे की नाही, हे पाहावे आणि घरातील प्रत्येकास, स्त्रियांस व वाढत्या मुलांसही, ते हाताळण्यास शिकवावे, एवढीच माझी विनंती आहे.