कांजिण्या, वय वर्षे २७

आजचा विषय ऐकताना अंगाला खाज सुटली तर मला बोल लावू नका.

ऑनसाइटवर लीड्सला होतो. एप्रिल महिना. ताप आला आणि दुसऱ्या दिवशी छातीवर पाणी भरलेले फोड. आई व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "अरे, लहानपणी झाल्याच नव्हत्या तुला कांजिण्या. तिकडे कडुनिंबाचा पाला मिळतो का बघ." लीड्समध्ये कडुनिंब!

पण त्या घरात मी एकटा नव्हतो. माझ्याबरोबर मित्र आणि वहिनी राहत होते, आणि वहिनींना पाचवा महिना. हा विषाणू पुरळ दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच पसरतो. म्हणजे आदल्या रात्री आम्ही एकत्र जेवलो, तेव्हाच बग प्रॉडक्शनला गेला होता.

फोनवर डॉक्टरांनी विचारलं, "त्या लहानाच्या मोठ्या कुठे झाल्या?" मला कळेना, याचा काय संबंध?

संबंध आहे. इंग्लंडमध्ये वाढलेल्या साधारण दहापैकी नऊ जणांना मोठेपणी कांजिण्यांची भीती नसते, कारण बहुतेकांना त्या दहा वर्षांच्या आतच होऊन जातात. तिथे त्यांचा सीझन ठरलेला, मार्च ते मे. शाळा भरलेल्या, पोरं एकमेकांना चिकटलेली. उन्हाळ्याची सुट्टी लागली की साथ उतरते. उष्ण देशांत मात्र बरेच जण लहानपणी सुटतात आणि मोठेपणी सापडतात. असं का, यावर अजून वाद आहे. कोणी उष्णता आणि दमटपणाकडे बोट दाखवतं, कोणी म्हणतं उन्हातले अतिनील किरण फोडांतला विषाणू मारतात. रत्नागिरीचं ऊन खाल्लेल्या मला दुसरं पटतं.

पडल्या पडल्या अजून वाचलं. विषाणूच्याही शाखा असतात, त्यांना क्लेड म्हणतात. युरोपात मुख्यतः १ आणि ३, जपानात २, आफ्रिकेत आणि आपल्याकडे ५. माणसं ब्रिटनला गेली, तशी ५ नंबरचीही तिथे पोचली. माझ्या अंगावर कुठली होती, कोणी तपासलं नाही. तसा फारसा फरकही पडत नाही. हा विषाणू फ्लूसारखा रूप पालटत नाही. म्हणून तर मिचियाकी ताकाहाशींनी १९७०च्या दशकात ओका आडनावाच्या जपानी मुलाच्या फोडांतल्या विषाणूपासून केलेली लस जगभर चालते. ब्रिटनला ती सगळ्या बाळांना द्यायला मात्र जानेवारी २०२६ उजाडला!

वहिनी राजापूरच्या. रक्त तपासलं, अँटिबॉडीज नाहीत. गरोदरपणात ही लस देत नाहीत, आणि कांजिण्या झाल्या तर न्यूमोनियाचा धोका. म्हणून संपर्काच्या सातव्या दिवसापासून सात दिवस विषाणूविरोधी गोळ्या. मित्राने फ्रिजवर कॅलेंडर चिकटवलं, कारण लागण दिसायला १० ते २१ दिवस लागतात. माझं ताट तो दाराबाहेर ठेवायचा. आठवड्यात माझ्या खपल्या धरल्या, पण त्यांची मोजणी चालूच.

तुम्ही बाहेर निघाला असाल तर आईला आधी विचारा. झाल्या नसतील तर डॉक्टरांशी लसीचं बोला, दोन डोस असतात, मध्ये चार ते आठ आठवडे. बाळाचा विचार चालू असेल, तर त्याच्या आधी.

२१व्या दिवशी वहिनींनी कॅलेंडरवर फुली मारली आणि पोहे केले. मीठ जरा जास्त झालं होतं. कोणी काही बोललं नाही.