कुमारवय आणि सत्संगती

दहा-बारा वर्षांचा मुलगा आईबापांपेक्षा सोबत्यांचे अधिक ऐकू लागतो. त्याला सोबत तोडावयास सांगणे व्यर्थ. ती पारखावयास शिकविले पाहिजे. पेडणे तालुक्यातील मांद्रे गावी जन्मलेले डॉ. भाऊ दाजी लाड मुंबईस एल्फिन्स्टन संस्थेत शिकले. तेथील विद्यार्थ्यांनी १८४८ साली प्राध्यापक पॅटन यांच्या प्रोत्साहनाने एक ज्ञानप्रसारक सभा स्थापिली आणि पुढील वर्षी, वेतन न घेता, मुलींच्या शाळा चालविल्या. भाऊ पुढे त्याच सभेचे अध्यक्ष झाले. तेथे सोबत्यांचे बळ होते, तसे गुरूंचे लक्षही होते. म्हणून पेडणे-डिचोलीच्या पालकांनी मुलास ‘कोणाबरोबर असतोस?’ एवढेच न विचारता ‘मिळून काय करता?’ असेही विचारावे. आणि त्या मंडळीत घरच्या वा गावच्या एखाद्या जाणत्याने अधूनमधून जाऊन बसावे.