बोटीच्या पोटातली शिदोरी

श्रोतेहो, तळ्यात हातभर लांबीची एक बोट चालली आहे. काठावर उभी असलेली मुलगी हातातल्या पेटीची दांडी हलवते आणि तिकडे बोट वळते. मध्ये ना दोरी, ना तार! ही करामत आजची नव्हे. निकोला टेस्ला या शास्त्रज्ञाने १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये अशी बोट लोकांना चालवून दाखवली आणि त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला तिचे पेटंट मिळवले. पंखा फिरवणारी एक मोटार, सुकाणू वळवणारी दुसरी, बिनतारी संदेश झेलणारे एक यंत्र आणि विजेसाठी बॅटरी, असा त्या बोटीचा संसार होता. सव्वाशे वर्षे उलटली; सुटे भाग बदलले, पण संसार तोच राहिला.

आज संदेश झेलणाऱ्या डबीला रिसीव्हर म्हणतात. सुकाणू वळवणाऱ्या छोट्या यंत्राला सर्व्हो म्हणतात. मोटारीला किती वीज द्यायची ते ठरवणारा एक वेगनियंत्रक असतो. शाळेच्या विज्ञान-प्रदर्शनासाठी अशी बोट करायची म्हटले की मुले आधी मोटारीची चौकशी करतात. रिसीव्हरला आणि सर्व्होला शिदोरी कोण देणार, हे मात्र कोणी विचारीत नाही. आणि बोट दगा देते ती बहुधा इथेच.

असे पाहा. संध्याकाळी विहिरीवरची मोटार सुरू केली की घरातला दिवा क्षणभर मंद होतो. हे आपण सर्वांनी पाहिले आहे. मोटार एकदम पुष्कळ वीज ओढते आणि त्याच तारेवरच्या दिव्याला कमी दाब मिळतो. बोटीतही नेमके हेच घडते. पंख्यात पाणगवत अडकले की मोटार जोर लावते, बॅटरीचा दाब खाली येतो. दिवा मंद होऊन पुन्हा उजळतो, त्यात बिघडत काही नाही. पण रिसीव्हर म्हणजे एक छोटा संगणकच. दाब ठराविक मर्यादेखाली गेला की तो बंद पडतो, आणि पुन्हा जागा होऊन काठावरच्या पेटीशी सूत जुळवायला त्याला वेळ लागतो. तेवढा वेळ बोट बहिरी!

आता तुम्ही म्हणाल, खेळण्यातली बोट थांबली तर एवढे काय झाले? सांगतो. आपल्याकडे पुष्कळ शेततळ्यांना प्लॅस्टिकचे अस्तर असते. ते ओले झाले की त्यावर पाय ठरत नाही. पोहता येणारा माणूससुद्धा कडेला येऊन वर चढू शकत नाही. अशा तळ्यांत माणसे बुडाली आहेत. बोट मध्यावर अडकली की मुलाची पहिली बुद्धी काय होते? पाण्यात उतरून ती आणायची! तेव्हा रिसीव्हरची वीज हा केवळ हौसेचा प्रश्न नाही.

ही वीज देण्याच्या दोन वाटा आहेत. पहिली अशी, की मोटारीच्याच बॅटरीतून थोडी वीज घ्यायची आणि तिचा दाब ५ व्होल्टवर आणायचा. हे काम करणाऱ्या मंडलाला बीईसी म्हणतात, आणि बऱ्याच वेगनियंत्रकांत ते आतच बसवलेले असते. त्याचे प्रकार दोन. साधा प्रकार जादा दाब उष्णता करून उधळून टाकतो. हिशेब सोपा आहे. तीन सेलची लिथियम-पॉलिमर बॅटरी ११.१ व्होल्टची. त्यातले ५ वापरले, ६.१ उरले. सर्व्होंनी १ अँपिअर घेतला, तर ६.१ वॅट नुसती उष्णता झाली! बोट वरून बंद, वारा नाही. मंडल तापते आणि बंद पडते. दुसरा, स्विचिंग प्रकार वीज फारशी वाया घालवीत नाही. तीन किंवा अधिक सेल असतील तर तोच घ्यावा. उलट सहा सेलची ७.२ व्होल्टची निकेल बॅटरी जुनी झाली, तर मोटारीच्या ओढीने तिचा दाब ६ व्होल्टच्याही खाली येतो. मग साध्या बीईसीला ५ व्होल्ट द्यायला पुरेशी उंचीच उरत नाही.

दुसरी वाट म्हणजे रिसीव्हरला स्वतंत्र बॅटरी. निकेल-मेटल-हायड्राइडचे चार सेल ओळीने जोडले की ४.८ व्होल्ट होतात. वजन थोडे वाढते, पण मोटारीने कितीही ओढ घेतली तरी रिसीव्हरला त्याची झळ लागत नाही. मात्र एक पथ्य पाळा. वेगनियंत्रकात बीईसी असेल, तर त्याच्याकडून रिसीव्हरकडे येणाऱ्या तीन तारांपैकी मधली लाल तार सोडवून तिच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळा. नाही तर एका घरात दोन कारभारी, अशी गत होते. काळी तार आणि संदेशाची तार मात्र जोडलेलीच ठेवा.

शिक्षकबंधुभगिनींनो, बोट पाण्यात सोडण्याआधी मुलांकडून टेबलावर एक परीक्षा करवून घ्या. पंख्याजवळ कोणाचा हात नाही हे पाहून सुकाणू दोन्ही टोकांपर्यंत हलवा आणि रिसीव्हरच्या रिकाम्या खाचेत मल्टिमीटरने दाब मोजा. तो ४.५ व्होल्टच्या खाली जात असेल, तर बोट घरीच बरी. क्षणिक घसरण मीटरला दिसत नाही. म्हणून हाताशी थोडी शिल्लक हवीच. सुकाणू स्थिर असताना सर्व्हो सारखा गुणगुणत असेल, तर दांडी कोठेतरी अडते आहे असे समजा. मोकळा सर्व्हो स्वस्थ बसला की काही मिलिअँपिअरवर भागवतो. अडकलेला साधा सर्व्होही एक अँपिअरच्या घरात जातो.

संदेश तुटला की मोटार थांबावी, अशी सोय बहुतेक रिसीव्हरमध्ये असते. ती लावून ठेवा. पेटी बंद करून ती चालते का तेही पाहा. पण ध्यानात घ्या, ही सोय पाळणारा रिसीव्हरच आहे. तो जागा असेल तरच राखण होईल!

आणि एवढे करूनही बोट अडकलीच तर? एक लांब दोरी आधीच बरोबर न्या. दोन मोठी माणसे समोरासमोरच्या काठांवर उभी राहून, दोरी पाण्यावरून ओढत बोट कडेला आणू शकतात. अस्तर घातलेले तळे मात्र या खेळाला निवडूच नका. गावचे उथळ, सपाट काठाचे पाणी पाहा. बोट गेली तर दुसरी करता येईल. पाण्यात कोणी उतरायचे नाही, हा नियम पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहा.