धर्मसभेचा ठराव आणि राजाची मोहोर

(कुळगाव येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



कुळगाव-बदलापूरजवळून वाहणारी उल्हास नदी कल्याणवरून पुढे वसईच्या खाडीला मिळते. त्या खाडीच्या मुखाशी १५३४ ते १७३९ अशी दोनशे वर्षांहून अधिक काळ पोर्तुगीजांची सत्ता होती. चिमाजी अप्पांनी वसई घेतल्याची कथा येथील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. त्या तटबंदीआड कायदा कोण घडवीत होते, हे मात्र सहसा सांगितले जात नाही.

वसई गोव्याच्या आर्चबिशपच्या अधिकारक्षेत्रात येत असे. पोपने पोर्तुगालच्या राजाला पूर्वेकडील बिशप सुचविण्याचा अधिकार दिला होता आणि त्याबदल्यात चर्चच्या खर्चाचा व धर्मप्रसाराचा भार राजाने उचलला होता. या व्यवस्थेला ‘पाद्रुआदो’ म्हणत. बिशप राजाच्या पसंतीचा आणि राजा चर्चला बांधलेला, असा हा व्यवहार होता. १५६३ मध्ये संपलेल्या ट्रेंटच्या धर्मपरिषदेने प्रत्येक प्रांतात दर तीन वर्षांनी धर्मगुरूंची सभा भरवावी, असे ठरविले. गोव्यात तीन वर्षांचा नियम पाळला गेला नाही. पण १५६७, १५७५, १५८५, १५९२ आणि १६०६ अशा पाच सभा झाल्या.

पहिल्या सभेचे ठराव मुळातून पाहण्यासारखे आहेत. बळाने व धाकाने कोणास ख्रिस्ती करू नये, असे सभेने आरंभीच म्हटले. आणि त्याच सभेने पुढे राजसत्तेकडे मागणी केली ती अशी: हिंदूंचे पुरोहित व उपदेशक हद्दपार करावेत, धर्मग्रंथ काढून घ्यावेत, मुंज-विवाहादी विधी बंद करावेत, हिंदूंच्या नावांच्या याद्या करून त्यांना पाळीपाळीने चर्चमधील प्रवचनास बसवावे. तलवार उपसायची नाही. पण घरात जगणे अशक्य करून सोडायचे! धर्मगुरूंना ठराव करण्याचा अधिकार होता, तो अमलात आणण्याचे बळ नव्हते. ते बळ व्हाइसरॉयकडून आले. ४ डिसेंबर १५६७ रोजी आंताव द नोरोन्या याने सभेच्या ठरावांना कायद्याचे रूप दिले.

सर्वांत दाहक प्रश्न अनाथ मुलांचा. १५५९ मध्येच लिस्बनहून आज्ञा सुटली होती की, आई-बाप व आजी-आजोबा नसलेली हिंदू मुले जेझुइटांच्या सेंट पॉल महाविद्यालयाकडे सोपवावीत. काका-मामांच्या हयातीत आपल्याकडे मूल अनाथ होतच नाही. एकत्र कुटुंबाची ही व्यवस्था त्या कायद्याच्या डोळ्यांना दिसलीच नाही, किंवा दिसूनही नको होती. घरचे लोक अशी मुले लपवीत, सीमेपार पोहोचवीत. देवही असेच निघाले. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळोशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. आज ज्या देवळांत आपण सहकुटुंब जातो, ती या स्थलांतराची मुक्कामाची ठिकाणे आहेत.

या व्यवस्थेचे टोक पाहायचे तर आर्चबिशप आलेशु द मेनेझिश यांची कारकीर्द पाहावी. १५९९ मध्ये त्यांनी केरळात उदयंपेरूर येथे सभा भरवून तेथील प्राचीन सीरियन ख्रिस्ती समाजाला रोमच्या शिस्तीत आणले आणि त्यांचे सीरियन ग्रंथ जाळविले. म्हणजे झळ ख्रिस्ती बांधवांनाही लागली. १६०६ ची सभा त्यांचीच, आणि १६०७ ते १६०९ या काळात गोव्याचे गव्हर्नरही तेच. ठराव करणारा हात आणि मोहोर उठविणारा हात एकच!

एक गोष्ट येथे प्रांजळपणे मान्य केली पाहिजे. पेशवाईतही शास्त्रीमंडळींच्या निर्णयामागे सरकारी बळ उभे राहत असे, आणि त्याचे चटके आपल्याच समाजातील अनेकांनी सोसले. तसेच आजच्या वसईतील ख्रिस्ती शेतकऱ्याकडे त्या ठरावांचा जाब मागणे हा शुद्ध अन्याय ठरेल. तो तर ते ठराव ज्यांच्यावर लादले गेले, त्यांचाच वंशज आहे. प्रश्न त्याच्या श्रद्धेचा नाही, कायद्यावर अधिकार कोणाचा याचा आहे. इंग्लंडच्या उमराव सभागृहात २६ बिशपांच्या जागा दीर्घकाळ राखीव राहिल्या आणि त्यावर तेथील लोकच वाद घालीत आले.

मे १७३९ मध्ये वसई पडली. शरणागतीच्या अटींत मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळण्याची मोकळीक चिमाजी अप्पांनी मान्य केली. गोव्यातील इन्क्विझिशन मात्र त्यानंतरही चालू होते. ते कायमचे बंद व्हायला १८१२ साल उजाडावे लागले.