उंट बांधा, मग निघा

(संस्थेच्या वार्षिक समारंभात विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



आपल्यापैकी काही मुले सुट्टीत सायकलीने दूरचा प्रवास करणार आहेत असे समजले. आनंद वाटला. मी काही पट्टीचा सायकलपटू नव्हे. परंतु एक चूक मी स्वतः केली आहे आणि ती तुम्ही करू नये, एवढ्यासाठीच हे चार शब्द.

माझे तरुणपण बेगडेवाडीस गेले. तेथून लोणावळा सुमारे पस्तीस-सदतीस किलोमीटर. रमजानचा महिना होता. मित्रांशी पैज लागली, "रोजा ठेवून लोणावळा गाठून दाखवतो." सहरीला केवळ चहा घेतला आणि निघालो. सायकलीचा सराव म्हणाल तर घर ते स्टेशन एवढाच! वडगाव मागे पडले, ऊन चढले, आणि कामशेतच्या खिंडीत डोळ्यांपुढे अंधारी येऊन मी रस्त्याच्या कडेला पडलो.

गवताचा भारा घेऊन एक म्हातारी चालली होती. तिने भारा टाकला, तांब्या पुढे केला. मी मान हलवून म्हणालो, "आजी, रोजा आहे." ती म्हणाली, "मला बी एकादशी असती, लेकरा. पण जीव जाया लागला तर देव काय म्हणंल? पी आधी." मी प्यालो आणि लाजेने रडलो.

घरी वडिलांनी शांतपणे ऐकून घेतले. म्हणाले, "जिवावर बेतले तर रोजा सोडायला परवानगी आहे. नंतर एक कजा ठेव म्हणजे झाले. पण रोजा अल्लाहसाठी होता की पैजेसाठी, ते तू स्वतःला विचार." तो प्रश्न आजही माझ्यापाशी आहे.

मित्रहो, हदीसमध्ये प्रसंग आहे. एकाने विचारले, उंट बांधून अल्लाहवर भरवसा ठेवू की मोकळा सोडून? रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांनी सांगितले, आधी बांध, मग भरवसा ठेव. सायकलस्वाराने आपला उंट कसा बांधावा?

पहिली गोष्ट सराव. निदान सहा आठवडे हवेत. आधी तळेगावपर्यंत जाऊन या, मग वडगाव, मग कामशेत, शेवटी लोणावळा. आठवड्यातून एक दिवस अंगाला विश्रांती द्या. पेडल खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय जवळजवळ सरळ व्हावा, इतकी सीट उंच ठेवा. गुडघे दुखणार नाहीत. पंक्चर काढणे घरीच शिका. पंप, ठिगळ, सोल्यूशन आणि पाना नेहमी जवळ असावा. ब्रेकची रबरे नवी घाला. लोणावळ्यापर्यंत चढ सौम्य आहे. खरी परीक्षा पुढे बोरघाटात, खोपोलीकडे उतरताना होते. तेथे दोन्ही ब्रेक थोडे थोडे लावावेत, सतत दाबून ठेवू नयेत. पावसात ओल्या रिमवर ब्रेक लागत नाही हे विसरू नका. आणि रस्ता जुनाच धरा. २००२ साली पूर्ण झालेल्या द्रुतगती मार्गावर सायकलीला मनाई आहे.

तहान लागण्यापूर्वी घोट घोट पाणी प्यावे. खजूर, गूळ-शेंगदाणे, लिंबू-मीठ-साखर बरोबर असावे.

दुसरी गोष्ट इबादत. तीही आधीच शिकून निघा. पुरेशा लांबच्या प्रवासात चार रकअतींच्या फर्ज नमाजा दोनच पढायच्या असतात. हनफी हिशेबाने ते अंतर सुमारे ७८ किलोमीटर धरतात. म्हणजे लोणावळ्याला जाणारा मुसाफिर ठरत नाही. सुमारे १२० किलोमीटरवरील मुंबईला निघालेला मात्र गाव सोडताच ठरतो. स्थानिक इमामामागे उभे राहिलात तर चारच पढाव्या लागतात. आपले कोकणी बांधव शाफई आहेत; त्यांना प्रवासात जुहर-असर एकत्र पढण्याचीही मुभा आहे. बारकावे आपापल्या आलिमांना विचारावेत. किब्ला आपल्याकडून पश्चिमेस, किंचित उत्तरेकडे आहे. वजूपुरते पाणी वेगळे ठेवा. मुसाफिराला रोजा पुढे ढकलण्याची सवलत कुरआनने दिली आहे. सवलत ही अल्लाहची देणगी आहे. ती नाकारण्यात कसली मर्दुमकी?

१९२३ साली मुंबईच्या एका व्यायामसंस्थेतील पारशी तरुण सायकलीने जगप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा या तिघांनी ती १९२८ साली पूर्ण केली. इराण-इराकची वाळवंटे त्यांनी ओलांडली. निघण्यापूर्वी त्यांची शरीरे व्यायामाने कमावलेली होती, हे ध्यानात घ्या.

पुढे दोन महिने सराव करून मीही मुंबईला गेलो. रात्री पनवेलला मशिदीत उतरलो. जाताना कामशेतच्या खिंडीत थांबून त्या आजीला शोधले. ती भेटली नाही. तेथेच जुहरच्या दोन रकअती पढलो आणि तिच्यासाठी दुआ मागितली. त्या दिवशी पैज नव्हती, पाहणारेही कोणी नव्हते.

तेव्हा मुलांनो, नियत तपासा, सायकल तपासा आणि बिस्मिल्ला म्हणून निघा. मुलींनीही मागे राहू नये. अल्लाह तुमचा प्रवास सुखरूप करो. आमीन.