वृद्धाश्रमांची तपासणी कोणी करावयाची?



वृद्धांचा विषय निघाला की आपली चर्चा मुलांच्या कृतघ्नतेपाशी सुरू होते आणि बहुधा तेथेच संपते. त्या चर्चेत मला आज शिरावयाचे नाही. माणूस वृद्धाश्रमात का आला, हा त्याच्या कुटुंबाचा प्रश्न असेल. तेथे आल्यावर त्याचे काय होते, हा सार्वजनिक प्रश्न आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठी ओलांडलेल्यांची संख्या दहा कोटींवर गेली होती. कुटुंबे लहान होत आहेत, मुले परगावी जात आहेत. अशा निवासांची गरज वाढतच जाणार.

दर्जा बाजार राखील, असे काहींना वाटते. माल वाईट निघाला तर गिऱ्हाईक दुकान बदलते, या भीतीने दुकानदार सरळ राहतो, हे त्यामागचे गृहीत. अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली अशा प्रसंगी माणसापुढे असणारे दोन मार्ग मांडले : सोडून जाणे किंवा आवाज उठवणे. वृद्धाश्रमात दोन्ही वाटा बंद असतात. पैसे भरणारा मुलगा दूर असतो, सेवा घेणारी आई खाटेवर असते. अर्धांगवायूने खिळलेली बाई दुसरा आश्रम शोधायला निघू शकत नाही. तक्रार करावी, तर रात्री पाणी त्याच हातून मिळावयाचे असते. विस्मृतीचा आजार जडला असेल, तर तिचे म्हणणे कोणी खरेही मानत नाही.

आणि दर्जा म्हणजे तरी काय? दर्शनी बाग आणि देणगीदारांची संगमरवरी पाटी पाहून आपण परततो. खिळलेल्या माणसाला साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते. तसे न केल्यास पाठीला जखमा होतात, त्या चिघळतात आणि प्रसंगी जीव घेतात. न्हाणीघराची फरशी ओली राहिली, धरावयास दांडा नसला, तर खुब्याचे हाड मोडते. आता साधा हिशेब करू. आश्रमात चाळीस माणसे, त्यांपैकी दहा खिळलेली, आणि रात्री एकच मावशी. प्रत्येकाला वळवणे, पुसणे, कपडा बदलणे यांस दहा मिनिटे धरली, तर एक फेरी शंभर मिनिटांची होते. वीस मिनिटांनी पुन्हा तीच फेरी. उरलेल्या तिसांकडे पाहणार कोण? मावशी कितीही मायाळू असो, हे काम तिच्याने होणे नाही. मग हातपाय बांधणे आणि झोपेची गोळी देणे हे उपाय निघतात.

बांधण्याची परिणती कोठवर जाते, हे वृद्धाश्रम नसलेल्या पण त्याच जातीच्या एका निवासाने दाखविले आहे. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे एका खाजगी मनोरुग्ण-निवासाला आग लागली. रुग्ण साखळ्यांनी जखडलेले होते. २८ जणांचा अंत झाला. साखळीने बांधण्यावर स्पष्ट बंदी घालणारा कायदा २०१७ साली आला.

मोठे भांडवल आले की प्रश्न सुटतो, असेही नाही. ब्रिटनमधील सदर्न क्रॉस ही कंपनी सुमारे ७५० निवास चालवीत असे. वाढत्या भाड्याच्या इमारतींत थाटलेला तिचा कारभार २०११ साली कोसळला आणि ३१ हजार वृद्धांचे छप्पर टांगणीला लागले. पुढे २०१४ च्या कायद्याने इंग्लंडमधील तपासणी-आयोगाकडे अशा मोठ्या संस्थांच्या आर्थिक स्थितीवर लक्ष ठेवण्याचे काम सोपविले गेले.

आपल्याकडे काय आहे? २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचे १९ वे कलम प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांसाठी आश्रमाची गोष्ट करते. पण राज्य सरकार तो स्थापन ‘करू शकेल’ असे म्हणते, ‘करील’ असे नाही. सर्व वृद्धनिवासांची नोंदणी आणि किमान निकष यांची तरतूद असलेले विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले. ते संमत झाले नाही आणि २०२४ साली त्या लोकसभेबरोबरच बाद झाले. विश्वस्त संस्थांचे हिशेब धर्मादाय आयुक्तांपुढे जातात खरे. परंतु पाठीवरच्या जखमा हिशेबाच्या वहीत उतरत नाहीत.

यास्तव आपल्या मागण्या नेमक्या हव्यात. प्रत्येक निवासाची सक्तीची नोंदणी. खिळलेल्या माणसांच्या प्रमाणात दिवसाचे व रात्रीचे सेवक. पूर्वसूचनेशिवाय, विशेषतः रात्री, तपासणी. तिचा अहवाल दारावर लावणे. आणि रहिवाशांची व बाहेरच्या नागरिकांची समिती. सरकारी आश्रमांनाही हेच नियम लागू असावेत, कारण पाटी सरकारी झाल्याने मनुष्यबळ वाढत नाही. याच यादीत मावशींचे किमान वेतन, आठ तासांची पाळी आणि प्रशिक्षण यांनाही स्थान हवे. आपला पक्ष श्रमिकांचा आहे. या स्त्रियांना संघटित करणे आणि त्या वृद्धांना सुरक्षित करणे, ही एकाच लढ्याची दोन अंगे आहेत.

आपल्या गावच्या आश्रमात यापुढे वाढदिवसाची फळे घेऊन जाल, तेव्हा एक प्रश्न अवश्य विचारा : येथे रात्री किती माणसे जागी असतात?