धाकट्या वाटेकऱ्याचा हिशेब

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)



आघाडीच्या सरकारातला लहान पक्ष म्हणजे एकत्र कुटुंबातला धाकटा भाऊ. शेत पिकले तर थोरल्याचे नाव होते. बैल मेला तर धाकट्याने वेळेवर पाणी दाखवले नाही, असे ठरते. महाराष्ट्रात १९७८ च्या 'पुलोद'पासून हे आपण पाहत आलो आहोत, आणि १९९५ पासून तर जवळजवळ प्रत्येक सरकार युतीचे किंवा आघाडीचेच आले. निवडणूक लागली की थोरला म्हणतो, कामे आम्ही केली. विरोधक म्हणतात, धाकट्याने नुसती खुर्ची उबवली. धाकट्याचे स्वतःचे कार्यकर्तेही चहाच्या टपरीवर बसून म्हणतात, आपले पुढारी विकले गेले. या गलक्यात त्या पक्षाने हाती आलेल्या खात्यात काय केले, हे मोजायला कोणी बसत नाही.

ते मोजमाप मी आज एका पक्षापुरते करणार आहे. पक्ष केरळातला आहे. नाव इंडियन युनियन मुस्लिम लीग. नाव ऐकून काहींचा हात रेडिओच्या बटणाकडे गेला असेल. थोडा थांबवा. काही वर्षांपूर्वी माझाही गेला असता.

मी मराठीत लिहिणारा मुसलमान आहे. रत्नागिरी जिल्ह्यातला, खाडीकाठचा. हमीद दलवाई वाचत वाढलेल्या पिढीतला. दलवाईंनी १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले, आणि धर्माच्या नावावर राजकारण करू नये ही गोष्ट आमच्या डोक्यात तेव्हाच्या त्या वादांतून पक्की बसली. लीगला मी कधी मत दिले नसते. शाहबानो प्रकरणात १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने पोटगीचा निकाल दिला, तेव्हा संसदेत त्याविरुद्ध उभे राहिलेल्यांमध्ये लीगचे गुलाम महमूद बनातवाला पुढे होते. हे गृहस्थ मूळचे मुंबईचे, महाराष्ट्र विधानसभेत दहा वर्षे आमदार आणि नंतर केरळातल्या पोन्नानीचे खासदार. त्या प्रश्नावर त्यांचा पक्ष चुकला, असे मी तेव्हा म्हणत होतो आणि आजही म्हणतो.

तरीही आज मी या पक्षाची वकिली करायला उभा आहे. याला कारण झाला एक प्रवास.

तिरूरला कवींचा एक मेळावा होता. रत्नागिरीला नेत्रावती एक्सप्रेसमध्ये बसले की रात्र गाडीत जाते आणि सकाळी तिरूर येते. हे मलप्पुरम जिल्ह्यातले गाव. मल्याळम भाषेचा आदिकवी एळुत्तच्छन इथला. त्याच्या स्मारकाच्या आवारात आमच्या कोकणात ज्याला काजरा म्हणतात ते झाड आहे. काजऱ्याचे पान कडूजहर असते. पण या झाडाचे पान कडू लागत नाही, अशी तिथल्या लोकांची श्रद्धा. मी चाखून पाहिले नाही. कवीने श्रद्धेला दात लावू नये.

मेळाव्यात माझ्या कवितांचा मल्याळम अनुवाद एका निवृत्त शिक्षिकेने वाचला. साठीच्या आसपासच्या, डोक्यावर पदर, चष्मा दोरीला बांधलेला. सगळे त्यांना नुसते 'टीचर' म्हणत होते. केरळात ही मानाची हाक आहे. त्या मुसलमान, वडील मासळीच्या धंद्यात, आई निरक्षर. आणि टीचर स्वतः मल्याळम साहित्य घेऊन कालिकत विद्यापीठाच्या बी. ए. झालेल्या. घरून बसने कॉलेजात जायच्या आणि संध्याकाळी घरी परत.

मी हिशेब केला. टीचर माझ्या आपाच्या वयाच्या. माझी आपा सातवीनंतर घरी बसली. हायस्कूल खाडीपलीकडे होते, होडीने जावे लागे, पावसाळ्यात होडी बंद. वडील कुवेतला. मुलगी एकटी होडीत कशी पाठवायची, यावर घरात एक संध्याकाळ चर्चा झाली आणि विषय संपला. चार वर्षांनी माझी पाळी आली तेव्हा अशी चर्चा झालीच नाही. मला चिपळूणला नातेवाइकांकडे ठेवले आणि मी बी. ए. झालो. आपाने याबद्दल मला कधी बोल लावला नाही. पण माझा पहिला कवितासंग्रह तिने हातात घेतला, मुखपृष्ठावर हात फिरवला, आणि विचारले, "यातली जोडाक्षरं मला लागतील का रे?" हे मी विसरू शकलेलो नाही.

दोन्ही घरे समुद्रकाठची. दोन्हीकडचे पुरुष आखातात. मग फरक कुठे पडला? मी टीचरना विचारले. त्या म्हणाल्या, "सीएच."

सीएच म्हणजे सी. एच. मोहम्मद कोया. अत्तोळी नावाच्या गावात १९२७ साली जन्मलेला माणूस, लीगच्या 'चंद्रिका' दैनिकाचा संपादक, मल्याळममध्ये प्रवासवर्णने लिहिणारा. १९६७ साली केरळात सात पक्षांची आघाडी जिंकली. मुख्यमंत्री ई. एम. एस. नंबुद्रिपाद. १३३ जागांच्या विधानसभेत मार्क्सवाद्यांचे ५२ आमदार होते आणि लीगचे १४. मंत्रिपदे दोन मिळाली. एक पंचायत खात्याचे, दुसरे शिक्षणाचे. शिक्षण सीएचकडे गेले.

या दोन मंत्रिपदांमागची गोष्ट समजून घ्यायला हवी. त्याआधी १९६० साली काँग्रेसने कम्युनिस्टांना हरवताना लीगची मदत घेतली होती. पण सरकार बनवताना लीगला मंत्रिमंडळात घेतले नाही. सभापतिपदावर समजूत काढली. मते चालतील, माणसे पंक्तीला नकोत, असा प्रकार. हा अपमान सात वर्षे उराशी बाळगलेल्या पक्षाच्या हाती पहिल्यांदा सत्ता आली, तर त्याने काय मागावे? आपल्याकडची रीत पाहता मी म्हटले असते महसूल, नाहीतर बांधकाम, जिथे ठेके असतात. हे लोक शाळांचे खाते घेऊन बसले.

मलबारची तेव्हाची स्थिती अशी की १९५६ पर्यंत हा भाग मद्रास राज्यात होता, त्रावणकोर-कोचीनच्या संस्थानांत जेवढ्या शाळा-कॉलेजे झाली तेवढी इथे झाली नव्हती. १९२१ च्या मापिला उठावानंतर एरनाड-वळ्ळुवनाडचा मुसलमान इंग्रजी शाळेपासून आणखीच दूर गेलेला. विद्यापीठ एकच, ते तिरुवनंतपुरमला, कोझिकोडपासून रेल्वेने सुमारे चारशे किलोमीटर. १९६८ साली कालिकत विद्यापीठ स्थापन झाले, आणि ते कोझिकोड शहरात न ठेवता तेन्हिपालम या खेड्याच्या माळावर नेले. त्याच वर्षी पोन्नानी आणि तिरुरंगाडी इथे महाविद्यालये निघाली. ती सरकारने काढली नाहीत, मुस्लिम शिक्षणसंस्थांनी काढली. पण मान्यतेसाठी धावायला विद्यापीठ आता हाकेच्या अंतरावर होते. पुढच्या वर्षी, १६ जून १९६९ रोजी मलप्पुरम जिल्हा अस्तित्वात आला.

या जिल्ह्यावरून केवढे रान उठले! जनसंघाने विरोध केला. के. केळप्पन यांच्यासारखे जुने गांधीवादीही विरोधात उतरले. छोटे पाकिस्तान होणार, अशी हाकाटी झाली. आज त्याला पन्नासाहून अधिक वर्षे लोटली आहेत. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्याची साक्षरता ९३ टक्क्यांहून जास्त होती. आमच्या रत्नागिरीची ८२. पाकिस्तान काही झाले नाही, कलेक्टर कचेरी मात्र जवळ आली.

आता कोणी म्हणेल, हे सगळे मुख्यमंत्र्यांचे श्रेय. त्यात तथ्य आहे. नंबुद्रिपादांचे जन्मगाव एलमकुळम पेरिंतलमण्णाजवळचे, म्हणजे आजच्या मलप्पुरम जिल्ह्यातलेच. त्यांच्या होकाराशिवाय पानही हलले नसते. पण नवा जिल्हा हवा, ही मागणी लीगची होती आणि आघाडीत नसती तर ती निवेदनाच्या कागदावरच राहिली असती. होकार देणाऱ्याचे श्रेय त्याला द्यावे, मागणे लावून धरणाऱ्याचे त्याला. एकाला दिले म्हणून दुसऱ्याचे कमी होत नाही.

दुसरे म्हणतील, आखाताचा पैसा. हे मला चांगले माहीत आहे, कारण तो आमच्या गावातही आला. आमच्याकडे त्या पैशाची संगमरवरी फरशी झाली, मशिदीला मिनार झाले, लग्नात गाड्या आल्या. मलबारातही हे सगळे झालेच. पण सत्तरीत पहिले ड्राफ्ट येऊ लागले तेव्हा तिथे बसच्या टप्प्यात कॉलेज उभे होते. आमच्याकडे होडीच होती.

तिसरा आक्षेप असा, की या पक्षाने केले ते आपल्या माणसांपुरते केले. इथे मला स्वतःलाही थोडे आश्चर्य वाटले. कालडी हे आदि शंकराचार्यांचे जन्मगाव. तिथे १९९३ साली श्री शंकराचार्य संस्कृत विद्यापीठ स्थापन झाले. त्या वेळी केरळचे शिक्षणमंत्री होते लीगचे ई. टी. मोहम्मद बशीर. संस्कृतचे विद्यापीठ मुस्लिम लीगच्या मंत्र्याच्या कारकिर्दीत! आणि २०१२ साली तिरूरला एळुत्तच्छनच्या नावाने मल्याळम विद्यापीठ सुरू झाले, तेव्हाही शिक्षण खाते लीगकडेच होते. आपल्या मराठीचे विद्यापीठ रिद्धपूरला सुरू व्हायला २०२४ साल उजाडले. चक्रधरस्वामींच्या रिद्धपूरचा मला आनंद आहेच, पण बारा वर्षांचे अंतर मनाला लागते. मल्याळम मुसलमानाला त्याची भाषा कोणती, हे कोणी विचारत नाही. मला मात्र अजून साहित्य संमेलनात, "तुमचं मराठी छान आहे हो," अशी दाद मिळते.

२००२ साली 'अक्षय' नावाची योजना याच मलप्पुरममध्ये सुरू झाली. घरटी निदान एका माणसाला संगणकाची ओळख करून द्यायची. माहिती तंत्रज्ञान खाते पुन्हा लीगकडे, पी. के. कुन्हालीकुट्टींकडे. मासळी विकणाऱ्यांच्या घरातल्या बायकांनी आखातातल्या नवऱ्याला ई-मेल केले. आखातात कोकणातलेही होते, पण आमच्याकडे तेव्हा एस.टी.डी. बूथवर रांग होती.

वकिली करताना अशिलाच्या नावावर दुसऱ्याचा माल खपवू नये. १८ एप्रिल १९९१ रोजी कोझिकोडला केरळ संपूर्ण साक्षर झाल्याची घोषणा झाली. ती केली चेलक्काडन आयेशा या मलप्पुरमच्या नवसाक्षर बाईंनी. ते श्रेय डाव्या आघाडीच्या सरकारचे आणि हजारो स्वयंसेवकांचे. लीग तेव्हा विरोधात होती. शिवाय याच पक्षाच्या एका शिक्षणमंत्र्याने २०११ नंतर सरकारी बंगल्याचे 'गंगा' हे नाव बदलून वाद ओढवून घेतला. नदीचे नाव तेवढे काय खुपत होते, मला कळलेले नाही. सीएच स्वतः १९७९ साली जेमतेम पन्नास दिवस मुख्यमंत्रीही झाले. त्या पन्नास दिवसांत काही मोठे घडले असे मी म्हणणार नाही. माझा हिशेब शिक्षण खात्याचा आहे. १९८३ साली उपमुख्यमंत्री असतानाच ते वारले.

आणि एक मोठी थकबाकी आहे. ज्या पक्षाच्या खात्याने एवढ्या मुली शिकवल्या, त्याने विधानसभेला १९९६ साली एका बाईंना उमेदवारी दिली. त्या हरल्या. त्यानंतर दुसऱ्या बाईंना तिकीट मिळायला २०२१ उजाडले, आणि त्याही हरल्या. मधली पंचवीस वर्षे हा पक्ष कोणाला शोधत होता?

निघायच्या दिवशी तिरूर स्टेशनच्या बाकावर बसून मी हेच टीचरना म्हणालो. जरा चढ्या आवाजातच म्हणालो असेन, कारण आपाची आठवण अजून मनात होती. टीचरनी शांतपणे ऐकले, चष्मा पुसला.

"मलाही ते पटत नाही," त्या म्हणाल्या. "मी पक्षाला पत्र लिहिलं होतं. चार पानी. मल्याळममध्ये."

"उत्तर आलं?"

"नाही आलं. या वर्षी पुन्हा लिहिणार आहे."